घाटमायजवळ मागितलेली हवा

देवाजवळ मागायचं कसं, हे मला कधी कोणी शिकवलं नाही. आमच्या घरात देवघराच्या जागी पत्रकांचे गठ्ठे असायचे. बाबा बुवाबाजीविरुद्ध, अंगाऱ्याविरुद्ध, देवीच्या नावाने कोंबडं कापायला लावणाऱ्यांविरुद्ध पत्रकं छापून आणत आणि शाळेतून आल्यावर मी त्यांच्या घड्या घालत बसे. नवस म्हणजे देवाला देऊ केलेली लाच, असं एका पत्रकात ठळक अक्षरांत होतं. ते मला तेव्हा पटलं होतं, आजही पटतं. पुढे मी स्वतः पत्रकं लिहू लागले, बाजाराच्या दिवशी बसस्टँडवर उभी राहून वाटू लागले, अंगात आणणाऱ्या एका महाराजाच्या माणसांशी भर चौकात भांडले. अशा मुलीने आध्यात्मिक अनुभव लिहावा, याचं माझ्या ओळखीच्यांना हसू येईल. येऊ दे. जे घडलं ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि ते सांगताना कोणाला काही पटवून द्यायची इच्छाही नाही.

पुसद डोंगरांच्या वाटीत बसलेलं गाव आहे. कोणत्याही रस्त्याने बाहेर पडा, थोड्या वेळात चढ लागतोच. हे सगळे रस्ते मला शोभाताईंनी दाखवले. त्या अंगणवाडी पर्यवेक्षिका होत्या, पन्नाशीच्या आसपासच्या, आणि गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितल्यावर त्यांनी ती अशी काही चालवली की आमच्यासारख्या तरुण मुली मागे पडायच्या. उमरखेडचा रस्ता लांब आणि सरळ, पण वाऱ्याच्या दिवशी अंगावर येणारा. दिग्रसचा रस्ता कापसाच्या ट्रकांचा, तिथे पहाटेच जायचं. आणि वाशीमकडचा घाट, तो ताईंचा आवडता. आम्हा दोघींचा पंप, जादा ट्यूब, पान्हे असं सगळं सामान त्यांच्याच सीटखालच्या पिशवीत असे. माझ्याकडे फक्त पाण्याची बाटली.

घाट चढून गेलं की वळणाच्या अंगाला मोहाच्या झाडाखाली शेंदूर लावलेला एक दगड आहे, त्याला सगळे घाटमाय म्हणतात. त्याच्या मागे पायवाटेने उतरलं की कपारीत झरा आहे. ताई तिथे उतरायच्या, दगडासमोर सायकलची घंटी वाजवायच्या, हात जोडायच्या आणि झऱ्यावरून बाटली भरून आणायच्या. मी एक पाय टेकवून सीटवरच बसलेली असे.

"उतर वं पत्रकवाली," त्या हसून म्हणायच्या, "माय काही तुया सह्या नाही मांगत."

मी उतरत नसे. त्यांनी कधी आग्रह केला नाही आणि कधी रागही धरला नाही.

मग त्यांची किडनी बिघडली. पायांवर सूज, मग धाप, मग पुसदच्या दवाखान्यातली ती खाट. पाणी मोजून प्यायचं होतं आणि उन्हाळा तोंडावर होता. त्या डोळे मिटून पडलेल्या असत. एकदा मला वाटलं झोपल्या, तर एकदम म्हणाल्या, "आता कापसाची जिनिंग गेली. आता पूल. आता चढ लागला पाह्य." त्या मनातल्या मनात घाट चढत होत्या. पुढे एके सकाळी डॉक्टरांनी सांगितलं की आता नागपूरला न्यावं लागेल, दुपारनंतर गाडी निघेल. ताईंनी मला जवळ बोलावलं.

"घाटमायचं पाणी आणतं का वं? एक घोट. गाडीनं नको जाऊ, सायकलनंच जा. म्हणजे मीही तुयासंग गेली असं वाटन मले."

मी तशीच निघाले. घाईत त्यांच्या घरी जाऊन सामानाची पिशवी घ्यावी, हे डोक्यातच आलं नाही. इतक्या दिवसांची सवय होती, सामान ताईंबरोबर असतंच. ऊन चढलं होतं, डांबर मऊ पडायला लागलं होतं. घाटात माझ्या पुढे कोणी नव्हतं, आणि पुढे कोणी नसलं की चढ किती वाढतो, ते त्या दिवशी कळलं.

झरा जवळजवळ आटलेला होता. कपारीतून थेंब थेंब पडत होता आणि त्याखाली जवळच्या बंजारा तांड्यावरची एक म्हातारी घागर लावून बसली होती. घागर निम्मीही भरली नव्हती. किती वेळची ती तिथे बसली असेल, याचा अंदाज करूनच मला बाटली पुढे करायची लाज वाटली. मी नुसती उभी राहिले. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं.

"कोन बिमार हाय?" तिने विचारलं.

मी सांगितलं. तिने आणखी काही न विचारता घागर उचलली आणि माझ्या बाटलीत ओतली, अगदी काठोकाठ. मी नको नको म्हणत होते. "याडीचं पानी हाय," ती म्हणाली, "मायं थोडीच हाय? जाय, उशीर नको करू." याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. तिने घागर परत थेंबाखाली लावली आणि माझ्याकडे पाठ करून बसली, जणू काही दिलंच नव्हतं.

सायकल मी पायवाटेने झऱ्यापर्यंत आणली होती, आणि तिथेच चूक झाली. वर रस्त्यावर येऊन पाहते तर मागच्या चाकात बाभळीचा लांब काटा, मुळापर्यंत रुतलेला. आमच्याकडे सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट माहीत असते: घर लांब असेल तर काटा उपटायचा नाही. तो आहे तोवर भोक बुजलेलं असतं. उपटला की हवा गेली. पण तो किती वेळ धरेल, हे कोणी सांगू शकत नाही. रस्ता रिकामा, मोबाइलला रेंज नाही, पंप नाही, ट्यूब नाही. सूर्य कलायला लागला होता.

मोहाखाली मी सायकल उभी केली. त्या दगडासमोर मी पहिल्यांदाच दोन्ही पायांवर उभी होते. हात जोडले गेले. मी जोडले असं म्हणवत नाही. पण त्या वेळीसुद्धा माझ्यातली पत्रकं जागी होती. मागायचंच तर गरजेपुरतं मागावं, लाच देऊ नये, मोठ्या गोष्टीचं साकडं घालू नये, असं काहीतरी मनात चाललं होतं. मी मोठ्याने म्हणाले, "माय, पुसदपर्यंत एवढी हवा टिकू दे. बाकी काही नको."

चाक टिकलं. उतारावरच्या प्रत्येक खड्ड्यात माझा जीव मागच्या चाकात जाई, पण ते टिकलं. दवाखान्याच्या फाटकात गाडी उभी होती, मागचं दार उघडं होतं, आणि ताईंना आत चढवून झालं होतं. त्यांची मुलगी पल्लवी माझ्यावर ओरडली, "कुठी गेलती वं? आई कवाची थांबवून राह्यली सगळ्यायले!"

मी आत चढले. नर्सने मान हलवून परवानगी दिली, आणि बाटलीच्या झाकणात ओतलेलं पाणी पल्लवीने ताईंच्या ओठांना लावलं. त्यांनी ते तोंडात घोळवलं, डोळे मिटून गिळलं.

"गरम झालं," त्या म्हणाल्या. "दवाखान्याच्या टाकीचं तं नाही ना आणलं?"

"नाही वो ताई. घाटमायचंच."

"हात जोडले?"

"जोडले."

त्यांनी डोळे उघडले. "पाह्य! काय मांगलं?"

मी खरं ते सांगितलं. काटा, टायर, हवा. त्या इतक्या हसल्या की धाप लागली. "अवं बाई, एवढ्या मोठ्या मायजवळ गेली अन् हवा मांगून आली? ते तं पंक्चरवालाबी देते!" आणि मग धाप ओसरल्यावर, हसतच, "मले वाटलं, माया नंबर लावला असन."

त्यांना टोचायचं नव्हतं. त्या तशाच बोलायच्या. पल्लवीही हसली. दार लागलं, गाडी निघाली. मी सायकलीकडे आले तेव्हा मागचं चाक पार बसलेलं होतं.

ताई नागपूरहून परत आल्या नाहीत.

मला माहीत आहे, मी काय मागितलं यावर किडनी चालत नाही. हे मी स्वतः छापून वाटलेलं आहे. बाबांनीही हळू आवाजात तेच सांगितलं आणि माझ्या पाठीवर बराच वेळ हात ठेवला. पण रात्री अंथरुणावर पडलं की मला तो दगड दिसतो आणि माझाच आवाज ऐकू येतो, बाकी काही नको म्हणणारा. आयुष्यात एकदा माझे हात कोणापुढे जोडले गेले होते, आणि त्यातही मी माप आखून दिलं. ताईंचं नाव जिभेवर होतं. ते घेतलं असतं तर काही बदललं नसतं, हे कबूल. पण ते घेतलं गेलं असतं. आपल्या माणसासाठी तोंड उघडायला मला तत्त्व आड आलं, आणि त्या तत्त्वाला मी स्वाभिमान समजत होते. ती म्हातारी घागर ओतताना बाटली किती मोठी आहे, हे बघत बसली नव्हती.

अंगाऱ्याचे पैसे घेणाऱ्यांविरुद्ध मी आजही लिहिते, आणि लिहीत राहीन. जोडलेल्या हातांविरुद्ध मात्र आता एक ओळही लिहवत नाही. शरण जाणं म्हणजे मान वाकवणं, असं मला वाटे. आता वाटतं, काय आणि किती मिळावं हे आपण ठरवायचं सोडून देणं, एवढाच त्याचा अर्थ असावा. तेवढं मला अजून नीट जमत नाही. पण त्या दुपारची तक्रार माझ्याकडे नाही. पाणी मिळालं, वेळ मिळाला, ताईंचं हसू मिळालं. मागितलं होतं त्यात एका श्वासाचीही तूट पडली नाही. अपुरं होतं ते माझं मागणं.