दुसऱ्याचा पश्चात्ताप

रंगाईच्या कारखान्यात तो बॉयलर सांभाळायचा, म्हणून सगळे त्याला बॉयलरवाला म्हणत. पुढे कारखाना बंद पडला, तो एका गोदामावर राखणदार झाला, तरी नाव काही बदललं नाही. आमच्या चर्चच्या मंडळीत दर रविवारी उपासनेला तो सगळ्यांच्या आधी यायचा. बाक पुसायचा, खिडक्या उघडायचा, पेटीवरची धूळ झटकायचा. कुणाच्या घरी मयत झाली तर खड्डा खणायला पहिला हजर. असा माणूस लाखात एक, असं आम्ही म्हणायचो. आम्ही म्हटलं की तो मान खाली घालायचा आणि आम्हाला वाटायचं, किती नम्र आहे!

त्याच्या पुढच्या बाकावर शिट्टीवाला बसायचा. तोही त्याच बॉयलरवर कामाला होता. एकाची पाळी संपली की दुसऱ्याची सुरू. तरुणपणी त्याच्या तोंडात सतत शिट्टी असायची, कोळसा ओढतानाही, जेवायला बसतानाही. आम्ही त्याला ओळखायला लागलो तेव्हा ती केव्हाच बंद झाली होती. अर्धा चेहरा आणि एक हात भाजून आकसलेला, आणि डोक्यावर एक जुनी खोक.

त्यांच्या बॉयलरला एक सेफ्टी व्हॉल्व्ह होता. आतला दाब जास्त झाला की तो आपोआप उघडायचा आणि जास्तीची वाफ बाहेर टाकायचा. पण तो जुना झाला होता, वेळेआधीच फुसफुसायचा. वाफ वाया जायची, रंगखात्यातली यंत्रं मंदावायची, आणि मुकादम दारात येऊन आईबहिणीवरून बोलायचा. म्हणून बॉयलरवाल्यानं एक युक्ती काढली होती. व्हॉल्व्हचा दांडा तो तारेनं खाली बांधून टाकायचा आणि पाळी संपायच्या आत सोडायचा. त्या दुपारी सोडायचा विसरला. शिट्टीवाला कामावर आला, तसा हा हात पुसत जेवायला निघून गेला.

थोड्याच वेळात शिट्टीवाल्याचा धाकटा भाऊ जेवणाचा डबा घेऊन आत आला. तो रंगखात्यात होता, आणि घरचा डबा दोघं मिळून खायचे. तो पाइपाच्या सांध्याजवळ उभा असतानाच सांधा फुटला. धाकट्याला वाफेनं गाठलं. तो दवाखान्यापर्यंतही पोचला नाही. शिट्टीवाला भाजला, फेकला गेला, डोकं लोखंडावर आपटलं. शुद्धीवर आला तेव्हा त्या दिवसाचं त्याला काहीच आठवत नव्हतं. सकाळी काय खाल्लं, तेही नाही.

मुकादमानं दांड्याला अडकलेली तार हातात धरून विचारलं, "ही कुणी बांधली?"

बॉयलरवाला म्हणाला, "मी निघालो तेव्हा ती तार नव्हती."

एवढंच. त्यानं शिट्टीवाल्याचं नावसुद्धा घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती, पाळी त्याची होती. सगळ्यांनी जे समजायचं ते समजून घेतलं. शिट्टीवाल्याची नोकरी गेली. आणि त्याला कोणी विचारलं तर तो म्हणायचा, "मीच बांधली असणार. दुसरं कोण होतं तिथं?"

त्याची आई त्याच्याच घरात राहायची. ती त्याला वेळेवर वाढायची, आजारी पडला तर कपाळावर ओली पट्टी ठेवायची. पण बोलायची नाही. काही सांगायचं झालं तर सुनेला सांगायची, "त्याला म्हणावं, दार लावून घे." तो समोर उभा असला तरी. धाकटा तिचा जीव की प्राण होता. थोरल्याच्या निष्काळजीपणानं धाकटा गेला, ही गाठ तिच्या मनात बसली ती सुटली नाही. वर्षांमागून वर्षं गेली.

आमच्या उपासनेत ज्याला वाटेल त्यानं उभं राहून प्रार्थना करायची रीत आहे. शिट्टीवाला न चुकता उभा राहायचा. प्रार्थना एकच. "देवा, माझ्या हातून माझा भाऊ गेला. मला क्षमा कर. आईच्या मनात माझ्यासाठी दया घाल." खाली बसायचा. सगळे म्हणायचे, आमेन. मागच्या बाकावरून बॉयलरवालाही म्हणायचा, आमेन.

"खोटं मी एकदाच बोललो," तो मला पुढे म्हणाला, "पण ते आमेन दर रविवारी म्हणालो. ते जास्त वाईट."

म्हातारीसाठी तो काय करायचा नाही? तिची औषधं आणायचा, तिच्या खोलीचं गळकं छप्पर त्यानंच नीट केलं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे तिला हात धरून न्यायचा. ती त्याच्या तोंडावरून हात फिरवून म्हणायची, "एक गेला, एक असून नसल्यासारखा. तू आहेस म्हणून मला मुलगा आहे." हे ऐकून तो घरी जायचा आणि जेवणावरून तसाच उठायचा. बायकोला वाटायचं, पोटाचा काहीतरी आजार आहे.

मग म्हातारी अंथरुणाला खिळली. शेवट जवळ आला तसे आमच्या चर्चचे पाळक घरी आले. खोलीत आम्ही चार-पाच जण होतो. शिट्टीवाला खाटेजवळ गुडघे टेकून बसला. म्हणाला, "आई, आता तरी बोल. मला क्षमा केली म्हण. म्हणायचं नसेल तर नुसता हात ठेव."

म्हातारी शुद्धीत होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

बॉयलरवाला पायथ्याशी उभा होता. एका वाक्याचं काम होतं. ते त्याच्या घशापर्यंत आलं होतं, असं तो सांगतो. तेवढ्यात सुनेनं हंबरडा फोडला, आणि जिला सांगायचं तीच उरली नाही.

तिचा खड्डाही त्यानंच खणला.

त्यानंतर त्याचं अन्न तुटलं. कामावर जायचा, खुर्चीत बसायचा, ट्रक आला तरी फाटक उघडायला उठायचा नाही. शेवटी एका दुपारी तो पाळकांकडे गेला. पाळक वयानं त्याच्याहून बरेच लहान. अंगणात सायकलची चेन बसवत होते, हात काळे झालेले. तो तिथंच मातीत बसला आणि सगळं सांगितलं.

"देव मला क्षमा करेल का?" त्यानं विचारलं.

"करेल," पाळक म्हणाले. "पण ज्याचं घर तुम्ही जाळलंत, त्याच्या दारावरून वळसा घालून देवाकडे नाही जाता येणार. आधी त्याच्याकडे जा."

"तो मला मारेल."

"मारेल. मग?"

तो गेला. शिट्टीवाला उंबऱ्यापाशी बसून नखं कापत होता, आकसलेल्या हातात नेलकटर नीट धरता येत नव्हतं. बॉयलरवाला उभ्या उभ्या म्हणाला, "ती तार मी बांधली होती."

"कसली तार?"

"व्हॉल्व्हची. मी बांधली आणि सोडायला विसरलो. तू हातही लावला नव्हतास."

शिट्टीवाल्यानं नेलकटर खाली ठेवलं. आतून त्याची बायको पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं ऐकलं होतं. ती म्हणाली, "भावजी, आई जिवंत असताना तोंड शिवलं होतं का तुमचं?"

"वहिनी..."

"वहिनी म्हणू नका. चालते व्हा इथून."

"थांब जरा," शिट्टीवाला तिला म्हणाला. आवाज शांत होता, आणि तेच भयंकर होतं. "मला तो दिवस आठवत नाही रे. पण मी रोज आठवायला बसायचो. मग हळूहळू मला दिसायला लागलं. माझे हात, ती तार, पीळ घालताना बोटाला टोचलेलं. सगळं दिसायचं. ते खोटं?"

"खोटं."

"मग इतकी वर्षं मी कशाची क्षमा मागत होतो?"

बॉयलरवाल्याला वाटलं होतं, निदान एक थप्पड मिळेल. शिट्टीवाला उठून आत गेला आणि दार लावून घेतलं. आवाज न करता लावलं.

तिथून हा तडक पोलीस चौकीत गेला. शिक्षा झाली तर बरं, असं त्याला वाटत होतं. साहेबांनी ऐकून घेतलं. "कारखाना कुठं आहे?" "पाडला." "मालक?" "वारले." "मुकादम?" "तोही गेला." साहेबांनी पेन टेबलावर टाकलं. "मग पंचनामा कशाचा करू, तुमच्या मनाचा? घरी जा. लागलं तर बोलावू." तो बाकड्यावर बसूनच राहिला. अंधार पडायला आला तेव्हा एक शिपाई येऊन म्हणाला, "काका, इथं पाहुण्यांची सोय नाही. उठा." त्यांनी त्याला कधीच बोलावलं नाही.

पुढच्या रविवारी तो आमच्यासमोर उभा राहिला. साक्ष द्यायला माणसं उभी राहतात तेव्हा देवानं काय काय चांगलं केलं ते सांगतात. त्यानं तारेपासून सुरुवात केली आणि म्हातारीच्या खाटेपाशी थांबला. संपलं तेव्हा आमेन म्हणायला कोणाचं तोंड उघडलं नाही. शिट्टीवाला त्या दिवशी आलाच नव्हता. त्याच्या बाकाची जागा रिकामी होती, आणि उपासना संपायच्या आत बॉयलरवाल्याच्या शेजारचीही रिकामी झाली. खोटं कशाला बोलू, मीही त्या दिवशी त्याच्याशी न बोलता निघून आलो.

घरी बायको म्हणाली, "आधी सांगितलं असतं तर मी तुम्हाला सोडून गेले असते. म्हणून नाही सांगितलं. आता सांगितलं, कारण आता मी जाणार कुठं?" तिनं आपलं अंथरूण स्वयंपाकघरात नेलं. लेकीचं सासर गावातच होतं. तिनं निरोप पाठवला, बाबांनी इतक्यात येऊ नये.

हे सगळं तो सोसू शकला असता. पण शिट्टीवाला पुन्हा उपासनेला आला नाही. एक रविवार गेला, दुसरा गेला, मग आम्ही मोजायचं सोडलं. पाळक त्याच्या घरी जाऊन आले. तो त्यांना म्हणाला, "मी प्रार्थनेत ज्याच्याशी बोलत होतो त्याला खरं माहीत होतं ना? मग त्यानं एकदाही मला सांगितलं नाही. माझं आता त्याच्याशी काही बोलणं नाही."

हे कळल्यावर बॉयलरवाला पाळकांकडे अक्षरशः धावत गेला. "सांगितलं ते चुकलं माझं! भाऊ घेतला, आई घेतली, एक देव होता त्याच्याजवळ, तोही मीच घेतला. तुम्ही म्हणाला होतात, क्षमा मिळेल. कुठं आहे? मला तर आणखी अंधारात ढकललंत तुम्ही."

पाळक म्हणाले, "पश्चात्ताप हे बरं वाटायचं औषध नाही. खरं जिथं आहे तिथं येऊन उभं राहायचं, एवढंच आपल्या हातात. पुढचं मलाही माहीत नाही." त्यांचेही डोळे भरले होते. तो म्हणतो, पाळकांनी त्या दिवशी एखादं गोड वचन ऐकवलं असतं तर मी पुन्हा तोंड दाखवलं नसतं.

थंडी संपत आली होती तेव्हा एका सकाळी शिट्टीवाला गोदामाच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. चेहरा आणखी ओढलेला. म्हणाला, "चल."

"कुठं?"

"आईकडे."

दोघं दफनभूमीत गेले. म्हातारीच्या कबरीवर अजून दगड बसवलेला नव्हता, नुसता मातीचा उंचवटा आणि एक लाकडी क्रूस. शिट्टीवाला बाजूला उभा राहिला.

"सांग तिला," तो म्हणाला. "मी नाही सांगणार. मी सांगितलं तर तिला वाटेल, सुटायला बघतोय."

बॉयलरवाल्यानं गुडघे टेकले. पुटपुटत सुरुवात केली.

"मोठ्यानं सांग. तिला कमी ऐकू यायचं."

मग त्यानं मोठ्यानं सांगितलं. "आई, ती तार मी बांधली. तुझ्या थोरल्यानं नाही. मी खोटं बोललो. तू मला मुलगा म्हणायचीस तेव्हाही मी गप्प बसलो." पलीकडे गवत कापणारा माणूस विळा थांबवून बघायला लागला. बॉयलरवाल्यानं पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून. सांगता सांगता त्याचं कपाळ मातीला लागलं आणि तो तसाच पडून राहिला. शिट्टीवाला त्याला उठवायला पुढे आला नाही. पण गेलाही नाही.

शेवटी तो म्हणाला, "मी तुला क्षमा केलेली नाही. पुढे करीन, असंही सांगत नाही."

"हो."

"तू पुढं हो. बरोबर गेलो तर लोकांना वाटेल, मिटलं."

बॉयलरवाला पुढे निघाला, एकटाच. त्याच दिवशी मी त्याला रस्त्यात भेटलो. गुडघ्यांना माती होती, डोळे सुजलेले होते. इतके दिवस मी त्याला टाळत होतो, पण तेव्हा टाळवलं नाही. मी विचारलं, "हलकं वाटलं का?"

"नाही," तो म्हणाला. "जड आहे ते तसंच आहे. फक्त आता ज्याचं ओझं त्याच्याच पाठीवर आहे." थोडं चालल्यावर तो थांबला. "मातीत तोंड होतं तेव्हा मी प्रार्थना केली. म्हणजे शब्द काही सुचले नाहीत. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की पलीकडे कोणीतरी आहे, आणि त्याला हे माझ्याच तोंडून ऐकायचं होतं, दुसऱ्या कोणाच्या नाही."

एवढं बोलून तो गोदामाकडे वळला. एक ट्रक फाटकासमोर हॉर्न वाजवत उभा होता.