न होणाऱ्या ‘जर’ची शिक्षा

‘जर’ या दोन अक्षरांवर माझ्या थोरल्या साडूंइतकी करडी नजर वैनगंगेच्या काठावर दुसऱ्या कोणी ठेवली असेल, असं मला वाटत नाही. सावली गावातल्या एका शाळेत ते इंग्रजी शिकवतात. त्यांच्या लेखी माणसांचं सगळं बोलणं दोन पोत्यांत भरता येतं. एकात होऊ शकणारं ‘जर’, दुसऱ्यात न होणारं. ‘पाणी आलं तर धानाची रोवणी लागेल’ हे पहिल्या पोत्यातलं. ‘मी पक्षी असतो तर उडालो असतो’ हे दुसऱ्यातलं. पाठ्यपुस्तकातल्या या पक्ष्याचा त्यांना मनस्वी राग आहे, म्हणून त्यांच्या फळ्यावर वाघ येतो. ‘वाघ रस्त्यावर बसला तर बस थांबेल’ हे होण्यासारखं, आणि ‘वाघाला लाज असती तर हॉर्न ऐकून तो उठला असता’ हे न होण्यासारखं. मुलांना हे लगेच पटतं, कारण निम्मी त्याच बसने येतात. एकदा एका मुलीने विचारलं, “सर, गोष्ट आजची हाय, तं इंग्रजीत क्रियापद कालचं काऊन लावतेत?” साडू खूश झाले. “ज्या पाहुण्याचा भरवसा नाई, त्याले आपण घरात घेतो का? ओसरीवरच बसवतो नं? जे होणार नाई, त्याले इंग्रज लोक भूतकाळाच्या ओसरीवर बसवतेत.”

हे शाळेपुरतं राहिलं असतं तर काही म्हणणं नव्हतं. (हे वाक्य मी त्यांच्यासमोर उच्चारणार नाही.) कारण घरी त्यांचा कायदा फारच कडक. होणारं ‘जर’ कितीही बोला, चहा मिळेल. न होणारं ‘जर’ तोंडातून गेलं की मांडीवर सूप येतं आणि सुपात लाखोळीची डाळ. निवडा खडे. सावलीकडच्या लाखोळीत खड्यांची कमतरता नसते, त्यामुळे शिक्षा चांगली जाणवते. मी घुग्घुसला राहतो. एकदा सहज म्हणालो, “आमचं घर कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यावर नसतं, तर कपडे पांढरे राहिले असते.” झालं! जेवण वाढलं जाईपर्यंत मी खडे वेचत होतो. पोंभुर्ण्याहून मुलगी पाहायला आलेल्या एका पाहुण्याने शेजारच्या घरून निघाल्यावर इथे चहा घेतला आणि “पोरगी थोडी उंच असती तं” असं म्हणाला. त्याच्याही मांडीवर सूप गेलं. सोयरीक कशी जमली कुणास ठाऊक, पण तो पाहुणा आजही या घराला वळसा घालून जातो. साडूंची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, तिला आम्ही सगळे बाई म्हणतो, ती मला हळूच सांगायची, “मी मुद्दाम नाई बोलत जी. पण पाहुणे बोलतेत, म्हणून माही डाळ निवडून होते.”

मागच्या हिवाळ्यात बाईंच्या पोटात गाठ निघाली. बरेच महिने दुखत होतं आणि साडू ओवा देत होते. नागपुरात ऑपरेशन झालं, गाठीचा रिपोर्ट यायचा राहिला. बायकांच्या वॉर्डात सोबतीला माझी बायको राहिली, आणि बाहेर बाकावर बसून राहिलेल्या साडूंना बाईंनीच घरी पिटाळलं. “बारावीच्या पोरायची परीक्षा हाय. इथी बसून काय करून राह्यले तुमी?”

रिपोर्टच्या दिवशी त्यांना नागपूरला न्यायला मी सावलीला गेलो. भर दुपारी ते ओसरीवर सूप घेऊन बसले होते. शेजारी डाळीचा मोठा डबा, जवळपास रिकामा, आणि निवडलेल्या डाळीचा ढीग. मी विचारलं, “हे कोणासाठी?”

“माह्यासाठीच,” ते म्हणाले. “आधी नेलो असतो तं... ओवा नसता देत बसलो तं...” आणि प्रत्येक वाक्याला डब्यातून आणखी एक मूठ सुपात पडत होती. या माणसाला गप्प बसवायचं माझ्या मनात कितीदा आलं असेल! त्या दिवशी मात्र त्यांना बोलताना ऐकवेना.

“भाऊ,” मी म्हणालो, “रिपोर्ट चांगला आला तर बाईंना कधी घरी आणायचं?”

त्यांनी मान वर केली. “हे वाक्य बरं हाय,” म्हणाले आणि रडायला लागले. मग तोंड धुतलं, स्वेटर घातला आणि आम्ही निघालो.

रिपोर्ट चांगला आला. बाई घरी आल्या, तेव्हा त्यांना पोचवायला आम्हीही गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वरणासाठी डबा उघडला, डाळ हातावर घेऊन पाहिली. एक खडा नाही. डबा काठोकाठ भरलेला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. सुपात डाळ ओतून घेतली आणि ओसरीवर त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.

“मी वापस आली नसती तं?” त्या म्हणाल्या, आणि स्वतःच सूप मांडीवर ओढलं.

साडूंनी सुपाची एक बाजू आपल्याकडे घेतली आणि दोघं जण, आधीच निवडलेली ती डाळ, पुन्हा निवडत बसले.