चिखल बघायला नामपूरला

नाशिकच्या आमच्या मॉडेल क्लबात नव्या कोऱ्या वस्तूला किंमत नाही. रेझिनचे सुटे भाग घासून, चिकटवून, रंगवून तळहाताएवढा ट्रॅक्टर उभा करायचा आणि मग तो मळका, गंजका दिसावा म्हणून पुन्हा तेवढंच खपायचं. गेल्या स्पर्धेत परीक्षक म्हणाले, तुमचा चिखल पटत नाही. ते मला फार लागलं. येत्या रविवारी पहिलं बक्षीस आणायचंच म्हणून मी खरा चिखल बघायला नामपूरच्या कांदा बाजाराला निघालो. बायको म्हणाली, चिखल आपल्या गल्लीतही आहे. पण कलावंताचं घरात कोण ऐकतं.

सटाण्यापर्यंत एसटी, पुढे वडापची खच्चून भरलेली जीप. मॉडेलचा डबा सगळी वाट मांडीवर. सटाण्यात शेवभाजी खा, फक्त पाणी आधी मागून ठेवा. आणि लिलाव आहे ना, याची खात्री करूनच निघा.

बाजारात कांद्याच्या ट्रॉल्यांची ही रांग. एका ट्रॅक्टरच्या चाकाशी उकिडवा बसून मी माझा चिखल त्याच्या चिखलाशी ताडून बघत होतो. मालक बापूंना बहुधा माझी दया आली. लिलाव आटोपल्यावर ते मला जेवायलाच घरी घेऊन गेले.

जेवण झाल्यावर मॉडेल ओट्यावर ठेवून मी मागच्या अंगणात चाकांचे फोटो काढायला गेलो. परत येतो तर बापूंच्या हातात डिझेलचं फडकं. स्वतःचा ट्रॅक्टर चमकवतात तसाच त्यांनी माझाही पुसला होता. खालचा रंग पक्का, तो राहिला. वरचा चिखल, गंज, सगळं साफ. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, काडीच्या टोकाने बॉनेटवर कुंकू लावत होत्या.

"इतली घान गाडी कोनी ठेवस का, भाऊ?" बापू म्हणाले. "लक्ष्मी शे ती."

मी मॉडेल उचलून डब्यात ठेवलं. वर मी त्यांना धन्यवाद दिले आणि पिशवीभर कांदे घेऊन निघालो.

शनिवारी घरी चिखलाच्या रंगाची बाटली उघडली, ब्रश बुडवला. पण त्यांनी इतक्या मायेने पुसलेलं पुन्हा मळवायला हात धजेना. रविवारी परीक्षकांनी भिंग लावून निकाल दिला: ट्रॅक्टर वापरातला वाटत नाही, शिवाय टिळा प्रमाणापेक्षा मोठा. पहिलं बक्षीस एका गंजलेल्या जीपला गेलं. माझा नंबर शेवटून पहिला.

ट्रॅक्टर आता टीव्हीशेजारी असतो. त्यावर खरी धूळ बसते, क्लबाला हवी असते अगदी तशी. मी ती रोज सकाळी पुसतो. टिळ्याला तेवढं फडकं लागू देत नाही.