आधी आई, मग शेरू

बोरसीहून चुलतभावाचा फोन आला तेव्हा मी शाळेत शिकवायला निघाले होते. "ताई, बाबा गेले... चहा पिता पिता." नामदेवकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, उभी हयात भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये फायरमन, आग विझवणारे. दीड महिना झाला. रडून झालं. आता भांडण मिटवायचं आहे, कारण आमचं भांडण होतं आणि त्यात चूक माझी होती.

आमचा शेरू सिलेंडरवाल्यावर धावून जायचा. म्हणून सिलेंडर यायचा असला की आम्ही त्याला स्वयंपाकघरामागच्या पडवीत साखळीने बांधायचो. वसाहतीच्या आमच्या सेक्टरमधले बहुतेक कुत्रेवाले तेच करतात. आग लागली त्या सकाळीही बांधला आणि सोडायला विसरले. रेग्युलेटर घाईघाईत बसवला तोही मीच. काडी ओढली आणि भडका उडाला. मी बाहेर पळाले. आमच्याकडे आलेले काका व्हरांड्यात चहा घेत बसले होते. आतल्या खोलीत सासूबाई, नुकतंच गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या. पडवीत शेरू. मी किंचाळले, "काका, शेरू!" सासूबाईंचं नाव माझ्या तोंडून आधी निघालं नाही, हे लिहिताना आजही लाज वाटते.

काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "पयले आईले काढतो. तू हालू नको इथून!" सासूबाईंना पाठुंगळीला घेऊन ते बाहेर आले, त्यांना ठेवून परत वळले, तोवर पडवीचं छप्पर खाली आलं होतं. मी आत धावले तर त्यांनी मनगट असं धरलं की दोन दिवस वळ राहिले. शेरू गेला.

सहा महिने मी त्यांच्याशी धड बोलले नाही. मग एक दिवस ते भाजीच्या पिशवीत कुत्र्याचं एक मादी पिल्लू घेऊन आले. मी फटकन विचारलं, "एक मिनिट तरी विचार केला होता का?"

"आगीसमोर विचार करत राह्यलो असतो तर दोघंही गेले असते. तो विचार मी नोकरीच्या पयल्याच वर्षी करून ठेवला होता. माणूस वाचवला, त्याची माफी मी नाही मागत, बाई. पण शेरू बांधून हाय, हे मले दिसलं होतं. चहा पिऊन राहिलो, सोड त्याले म्हनलं नाही... त्याची मागतो."

'तुमचं बरोबर होतं' हे तीन शब्द ओठांवर आले होते. मी ते गिळले, उद्या सांगू म्हटलं. आम्ही घरचे सगळेच असे हेकट. तर इथे ठणकावून सांगते, काका, तुमचं बरोबर होतं. पुन्हा आग लागली तरी हेच बरोबर.

ती पिल्लाची आता चांगली दांडगी कुत्री झाली आहे. तिला आम्ही बांधत नाही. सिलेंडरवाला दिसला की सासूबाई काठी टेकत उठतात, तिचा पट्टा हातात घेतात. "चाल माय, आपन दोघी बाहेर." नवा सिलेंडर लावून, साबणाच्या पाण्याने गळती तपासून मी हाक मारेपर्यंत, रस्त्यापलीकडच्या कडुनिंबाखाली त्या दोघी उभ्या असतात.