पाऊस, छत्र्या आणि आम्ही दोघं

आमच्या धंद्यात किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. पावसाळा आला की आपोआप साठतात. मी आणि शकीलभाई उपग्रहाच्या छत्र्या बसवतो, टीव्हीच्या अन् इंटरनेटच्याही. मुक्काम संभाजीनगर, काम खेडोपाडी. जोराचा पाऊस आला की सिग्नल वाटेतच पाण्यात मुरतो आणि शिव्या आम्हाला पडतात. पण आम्ही पण ऐकून घेणारे नाय!

*

गंगापूरच्या शांताकाकूंकडं पोचलो. बघतो तर काकू गच्चीवर, धो धो पावसात, आमच्या छत्रीवर स्वतःची छत्री धरून उभ्या!

"काकू, सिग्नल इथं भिजत नाय. वर आभाळात अडतो."

"मग इथं काय करतोस? चढ की वर!"

*

फर्दापूरच्या हॉटेलवाल्यानं चिडून दुसऱ्या कंपनीचीही छत्री बसवली. पाऊस आला. दोन्ही टीव्ही बंद!

"आता बोला," तो म्हणाला.

मी म्हणालो, "निदान दोघींचं एकमत झालं!"

*

हेड ऑफिसच्या साहेबांनी फोनवर झापलं, "पाऊस हे कारण चालणार नाही. तक्रार आजच क्लोज करा!"

शकीलभाई शांतपणे म्हणाला, "साब, बादल का पता भेजो. जाके समझातूं!"

मेमो आला. शकीलभाईनं तो लॅमिनेट करून व्हॅनमध्ये लावलाय.

*

पिशोरच्या पुढं, डोंगरातल्या एका वस्तीवर आरोग्य उपकेंद्र आहे. मोबाइलला रेंज नाय, म्हणून छत्रीवरून शहरातले डॉक्टर पडद्यावर बोलतात. एका दुपारी आम्ही ती तपासायला गेलो अन् नाला चढला. रस्ता बंद. आत एक बाई बाळंतपणात अडलेली, बाळ पायाळू. मदतीला एकट्या सिस्टर मंदाताई.

डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, थांबा, आधी मी सांगतो ते..." आणि चित्र गोठलं. हात वर केलेले डॉक्टर तसेच पडद्यावर.

मी दाराबाहेरून ओरडलो, "ताई, पाऊस ओसरल्याशिवाय लाइन येणार नाय!" उपयोग नाही हे माहीत असूनही शकीलभाई भिजत, शांताकाकूंसारखा, छत्रीवर छत्री धरून उभा होता.

आतून मंदाताईंचा आवाज आला, "पाऊस थांबंल तवा थांबंल. बाळ थांबणार नाय. बाई, तू माझ्याकडं बघ. त्या पडद्याकडं नको."

अर्ध्या तासानं पाऊस ओसरला. चित्र हललं. डॉक्टर घाईघाईनं म्हणाले, "सिस्टर? हॅलो? काय परिस्थिती आहे तिथं?"

मंदाताईंनी दुपट्यातली पोरगी कॅमेऱ्यासमोर धरली.

"ही बघा साहेब. रडायलीय!"