बिडकरकाका आणि मधलं बटण

पहिलं वर्षभर बिडकरकाकांसमोर माझं एकही वाक्य धड पूर्ण झालं नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी "मी पुण्याची" एवढंच म्हणाले, पुढचं त्यांनीच सांगून टाकलं: सदाशिव पेठ, वडील बँकेत, हैदराबादचं तिखट सोसणार नाही. मी चिंचवडची, वडील शिक्षक, आणि मिरच्या मी कच्च्या खाते. पण ते इतक्या खात्रीनं बोलले की क्षणभर मलाच माझी शंका आली.

काका हैदराबादेतल्याच विद्यानगरचे. सरकारी नोकरी मुदतीआधी सोडून पन्नाशीत कॉम्प्युटर शिकले आणि हिमायतनगरच्या आमच्या चिमुकल्या कंपनीत आले. तेव्हा गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते, ज्याला त्याला अमेरिकेचे वेध लागले होते. काकांना मात्र लोकांचं भलं करायचं होतं, तेही लोकांनी मागण्याआधी. कुणीही कुणाशी बोलत असो, काका मध्ये हजर: "ठैरो, मैं बोलतूं." घरी काकू "काल ना आम्ही" म्हणाल्या, की काल काय झालं ते काका सांगत.

त्यांनी लिहिलेला प्रोग्रामही अगदी त्यांच्यावर गेला होता. कॉम्प्युटरवर काहीही चालू असो, माऊसचं मधलं बटण दाबलं की काकांची पाटी वर: कॅल्क्युलेटर, कॅलेंडर, शब्दकोश. पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते नेमकं घरांचे नकाशे काढणारं ऑफिस. तिथे मधलं बटण दाबूनच नकाशा सरकवतात. तिथल्या बाई जिना सरकवायला गेल्या की जिन्यावर कॅलेंडर! सोमवारपर्यंत हे थांबवा, नाहीतर तुमचा प्रोग्राम काढून टाकते, असं त्यांनी आमच्या साहेबांना निक्षून सांगितलं. प्रोग्राम गेला की काकांची नोकरीही गेली, हे साहेबांनी वेगळं सांगायची गरज नव्हती. या वयात त्यांना दुसरीकडे कोण घेणार होतं?

मी साहेबांना सुचवलं, पुढ्यात कुठला प्रोग्राम उघडा आहे ते आधी बघू. त्याला ते बटण लागत असेल तर आपली पाटी गप्प बसेल. हे कानावर गेलं तेव्हा काकांना फार लागलं.

"अगं, आपण मदतच करतोय की. गप्प काय बसायचं?"

"काका, त्यांचं काम चाललेलं असतं."

काकांसमोर पुरं झालेलं हे माझं पहिलं वाक्य.

काकांनी तसा बदल केला. सोमवारी जिना मुकाट सरकला, काकांची नोकरी वाचली. त्यानंतर ते भेटेल त्याला गप्प बसण्याचे फायदे तासन्‌तास समजावू लागले.

पुढे मी हैदराबाद सोडलं. निरोपाला त्यांच्याकडे जेवायला गेले होते. काकू सांगू लागल्या, "आमचं लग्न ठरलं ना, तेव्हा..." काकांनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं. काकू दोन वाक्यं बोलल्या आणि अडल्या.

"अहो, बोला ना," त्या काकांना म्हणाल्या. "तुम्ही मध्ये बोलला नाहीत तर मला पुढचं सुचत नाही."

काका चष्मा पुसत बसले. काकांच्या तोंडून ऐकून ऐकून ती गोष्ट मला तर पाठ होती. "ठैरो, मैं बोलतूं," मी म्हटलं, आणि काकूंची अडलेली गोष्ट पुढे सुरू केली.