शांता नदीचा शोध

हसायचं नाही, या अटीवर सांगते. आणि हातातला चहा आधी संपवा, नंतर नाकातून येईल.

गेल्या वर्षी मी बीड जिल्ह्यात वडवणीजवळच्या एका शाळेत इतिहास शिकवायला रुजू झाले. मी सांगलीकडची, त्या भागात ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही. तेवढ्यात स्नेहसंमेलन आलं. हेडसर म्हणाले, "मॅडम, आपल्या चार हाऊसचा इतिहास तुमी सांगा. संस्थापक दादासाहेब जोडीनं येणार हायेत."

हाऊस म्हणजे स्पर्धांसाठी पाडलेले मुलांचे गट. नावं गोदावरी, सिंदफणा, बिंदुसरा आणि शांता. पहिल्या तिन्ही बीडच्या नद्या. मग चौथी कोण? तुम्हीही नदीच म्हणाला असतात ना? पण नकाशात शांता सापडेना. म्हटलं, लुप्त झालेली नदी! अंगात संशोधक संचारला. हेडसरांना विचारलं असतं तर पाच मिनिटांत मिटलं असतं, पण मला सगळ्यांना चकित करायचं होतं.

एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात एक म्हातारबाबा बसले होते. त्यांना विचारलं, "बाबा, इथं शांता कुठं आहे हो?"

"शांता? हाय की. त्या बारवेच्या पल्याड."

"अजून आहे?"

"हाय, पर पहिल्यावाणी जोर न्हाई राह्यला. तरणी होती तवा लई खळाळायची. आता गप पडलीय."

"आणि उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात दिसतच न्हाई. पाऊस पडला की येती माघारी."

आता सांगा, याहून पक्का पुरावा कुठला? तशीच बारवेपलीकडे गेले. तिथे एक कोरडा ओढा, प्लास्टिकच्या पिशव्यांनी भरलेला, काठावर डुकरं. फोटो काढला.

संमेलनात तो फोटो भल्यामोठ्या पडद्यावर लावला आणि मी म्हणाले, "ओळखलंत का? हीच आपली शांता."

मंडपातल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. मला वाटलं, लोक हेलावले.

"एकेकाळी खळाळणारी शांता आज आटली आहे. तिच्यात गाळ साचला आहे. दादासाहेब, तुमच्या डोळ्यांदेखत तिची ही दशा झाली. तुम्ही काय केलंत तिच्यासाठी?"

दादासाहेबांचा चेहरा पांढराफटक. हेडसर मागून माझा पदर ओढत होते. "मॅडम, बसा खाली."

"नाही सर, आज बोलू द्या. पोकलेन लावून शांताचं खोलीकरण आणि रुंदीकरण झालंच पाहिजे!"

पहिल्या रांगेत दादासाहेबांशेजारी बसलेल्या, गाव ज्यांना नुसतं आक्का म्हणतं त्या बाई उठल्या. सावकाश स्टेजवर आल्या. माझ्या हातातून माइक घेतला.

"मी शांता," त्या म्हणाल्या.

पायाखालची फळी सरकणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. पडद्यावर डुकरं तशीच.

"हाऊसची नावं आमच्या ओसरीवर ठरली," आक्का सांगू लागल्या. "तीन नद्यांवर एकमत झालं. चौथीला निम्मे म्हणले मांजरा, निम्मे म्हणले कुंडलिका. भांडणं पार हातघाईवर आली. मी आतून वरडले, भाकरी गार व्हायल्यात, काय नाव द्यायचं ते द्या पर आधी जेवा. तर ह्यांनी माझंच देऊन टाकलं. आन मॅडम, हॉटेलात तुमाला भेटला तो माझा थोरला भाऊ, मॅडम तुझी चौकशी करत व्हत्या म्हणला. उन्हाळ्यात मी लेकीकडं, कडा गावाला असते."

मी हात जोडले. नोकरी गेली, हे मनात पक्कं झालं होतं.

पण आक्का नवऱ्याकडं वळल्या. "बाकी मॅडमनी विचारलं ते इतक्या वर्सांत कुणी विचारलं न्हाई. सांगा की, काय केलं तुमी माझ्यासाठी?"

मंडप हसून कोसळला. दादासाहेब तेवढे हसले नाहीत. ते उत्तर शोधत होते.

नोकरी वाचली. इभ्रतीचं विचारू नका. परवा शेजारच्या काकूंना सहज म्हटलं, "काकू, गोदावरीला पूर आलाय म्हणे."

काकूंनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "नदीचंच बोलताय न्हवं? आमच्या सासूबाईंचं नाव बी गोदावरी हाय."